गाडी घेण्याआधी एवढं बघ

दर्यापूर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

निवृत्तीच्या पैशातून जुनी डिझेल कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घ्यायची आणि वहिनींना घेऊन लोणार, ताडोबा फिरायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. वहिनींना आतला ओटा आणि पडदे आवडले म्हणतोस. पण ओटा आपल्याकडचा सुतारही करून देईल. इंजिन खोलायची वेळ आली तर जमापुंजी त्यातच जाईल. म्हणून आधी इंजिन.

मालकाला सांग, मी येईस्तोवर गाडी सुरू करू नका. सकाळीच जा आणि बोनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर त्यांनी आधीच गाडी तापवली आहे. दुसऱ्या दिवशी परत जा. थकलेलं डिझेल इंजिन गार असतानाच कुरकुरतं, तापलं की निमूट चालतं. सुरुवातीचा थोडा धूर विरून गेला पाहिजे. निळसर येतच राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा थांबत नसेल तर डिझेल फवारणारा इंजेक्टर बिघडलाय, नाहीतर इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलंय.

मग चालू इंजिनावरच ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच तोंडावर ठेव. जरा थरथरेल, ते चालतं. उडून पडलं आणि आतून धुराचे भपके यायला लागले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडरातला दाब (कॉम्प्रेशन) खाली उतरतोय. अशी गाडी फुकट मिळाली तरी नको. ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र बिचकू नको, डिझेलचं ऑइल काळंच होतं. झाकणाच्या आत दुधाळ थर असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय.

चालवताना पाण्याची टाकी भरून घे. 100 लिटर म्हणजे 100 किलो. रिकाम्या गाडीत स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेक कळत नाहीत. जमलं तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट एसी लावून चढव. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकत गेला तर आपल्या मे महिन्यात, 45 अंशांत, ही गाडी रस्त्यात उभी राहील. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतोय.

टपावर पाइपने बराच वेळ पाणी सोडायला लाव आणि आतल्या कोपऱ्यांतलं प्लाय अंगठ्याने दाबून बघ. मऊ लागलं तर पाणी आधीपासूनच मुरतंय. गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लाव, बुडबुडे आले तर गळती आहे. टायरवर 2319 असं लिहिलेलं दिसलं तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी चांगली असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

कागदांत ढिलाई नको. आरसीवर गाडी कॅम्पर म्हणून नोंदलेली हवी. प्रवासी गाडीच्या सीटा काढून परस्पर पलंग बसवले असतील, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली तो बेकायदा बदल ठरतो, आणि अपघात झाला की विमावाले तिथंच बोट ठेवतील. चेसिस नंबर स्वतः ताडून घे. कर्जाचा बोजा उतरलाय का, दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी) आहे का, तेही बघ. हे सगळं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसार देऊ नको, मालक कितीही घाई करो.

जायचा दिवस कळव, मी एसटीने अकोल्याला येतो. टॉर्च आणतो, गंज बघायला चेसिसखाली मी शिरेन, तू तुझी कंबर सांभाळ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता