वंदे, आकडा सांग

लाइपझिग,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय वंदू,

हे मेलने पाठवतेय, कारण पोस्टाने पोचेपर्यंत मुदत संपेल. कसली मुदत ते पुढे येतंच आहे.

नोकरी गेली हे तुला आईकडून कळलं असेलच. आईकडून कळलं नाही असं कोथरूडात काही उरत नाही. भाषांतराचा अख्खा विभाग बंद केला. आता मशीन भाषांतर करतं, ते तपासायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणून मलाच परत बोलावलंय. फक्त पगार नाही, मी बिल पाठवायचं. खुर्ची गेली, काम तेच! तर १ नोव्हेंबरपासून मी फ्रायबेरूफ्लर, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक आहे.

तब्येत बरी. पाठ धरते, चालायचंच.

भाषांतरकारांचं इथे एक बरं आहे. डॉक्टर, वकील, पत्रकार यांच्या पंगतीत आयकर कायद्याच्या कलम १८ मध्ये आपलंही नाव आहे. त्यामुळे दुकानदारासारखी धंद्याची वेगळी नोंदणी नाही, व्यवसाय कर नाही, व्यापारी चेंबरची सक्तीची वर्गणी नाही. काम सुरू झालं की महिन्याच्या आत फिनान्सआम्टला, म्हणजे इथल्या कर कार्यालयाला कळवायचं, तेही एल्स्टर नावाच्या सरकारी पोर्टलवरून. त्या पोर्टलवर खातं उघडायचं तर अर्धी किल्ली ईमेलने येते आणि अर्धी पोस्टाने. हसू नकोस. पोस्टमन पाकीट टाकून जातो तेव्हा कुठे इथलं डिजिटल सरकार उघडतं.

फॉर्म लांबलचक आहे, पण अवघड नाही. नाव, पत्ता, बँक, धर्म. चर्चचे सभासद असाल तर आयकराच्या ९ टक्के चर्चकर वर. आपला बाप्पा करमुक्त. मग बिलावर १९ टक्के व्हॅट लावणार की छोट्या व्यावसायिकाची सवलत घेणार? आदल्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल तर ती मिळते, माझ्यासारख्या नव्याला पहिल्या वर्षीही तीच मर्यादा. इथवर मी चहा पीत पीत पोचले. मग आला तो रकाना: या वर्षी किती नफा होईल? आणि पुढच्या वर्षी?

वंदे, हे तुला सोडून कुणाला सांगू? 'किती घेणार' म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. भोसरीच्या त्या पंप बनवणाऱ्या कारखानदारासमोर मी 'साठ पैसे शब्दाला' म्हणायला तोंड उघडलं आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'दीड रुपया. घाई असेल तर दोन.' तो लगेच हो म्हणाला. जिन्यात मी भडकले, ही लबाडी आहे म्हणाले. तू म्हणालीस, 'तू स्वतःला घाऊक भावात काढतेस.' गणपती उठेपर्यंत अबोला होता. दोन रुपये जास्तच होते असं मला अजूनही वाटतं.

नोकरीत हा प्रश्नच नव्हता. आकडा ते सांगायचे, मी मान डोलवायची. आता प्रत्यक्ष जर्मन सरकार विचारतंय, बाई तुझी किंमत काय?

आणि नुसतं विचारून थांबत नाहीत गं. त्या आकड्यावरून आगाऊ कराचे हप्ते ठरतात: १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर. (तुमच्याकडे १५ तारखा, बाकी दुखणं तेच.) मोठा आकडा लिहिला तर न कमावलेल्या पैशांवर दर तिमाहीला कर. पुढच्या वर्षासाठी १२,३४८ च्या आत लिहिला तर हप्ता शून्य, कारण तेवढं उत्पन्न करमुक्त. मोह होतोच. पण मग २०२७ मध्ये २०२६ चं विवरणपत्र भरायचं, आणि तेव्हा गेल्या सगळ्या वर्षाचा कर एकरकमी, वर चालू वर्षाचे वाढवलेले हप्तेही तेव्हाच. इथले जुने फ्रीलान्सर सांगतात, पहिल्या वर्षी माणूस मजेत असतो, दुसऱ्या वर्षी पाय मोडतो.

त्यात आरोग्य विमा. नोकरीत अर्धा भार मालक उचलायचा, आता सगळा माझ्यावर: काळजी विमा (पुढे शुश्रूषा लागली तर तिच्यासाठीचा) धरून उत्पन्नाच्या वीस-एकवीस टक्के. काहीच मिळालं नाही तरी या वर्षी, २०२५ मध्ये, महिन्याला साधारण १,२४८ युरो मिळाले असं धरूनच हप्ता लावतात. तोही अंदाजावर, आणि कराचा निकाल आला की मागे जाऊन दुरुस्त करणार. म्हणजे एका रकान्यातला माझा भित्रेपणा मला दोन ठिकाणी महागात पडणार.

बरं, सगळं काम या एकाच गिऱ्हाइकाचं ठेवलं तर आणखी निराळा घोळ. ही फ्रीलान्स नाहीच, लपवलेली नोकरी आहे, असं पेन्शनवाले म्हणू शकतात. म्हणून दुसरी गिऱ्हाइकं हवीत, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला दर सांगावा लागतो! इथल्या मराठी पोरांना शनिवारी मराठी शिकवायचंही डोक्यात होतं. तर कळलं की भाषांतरावर पेन्शनची सक्ती नाही, पण स्वतंत्रपणे शिकवणाऱ्यावर आहे. किरकोळ कमाईच्या वर गेलं की १८.६ टक्के. मास्तरांचं म्हातारपण कसं जातं हे सरकारला ठाऊक असावं.

आणि आता जे लिहितेय ते वाचून तू उड्या मारणार. कलाकार-लेखकांसाठी इथे एक वेगळी विमा योजना आहे. विम्याचा अर्धा भार ती उचलते. कथा-कादंबऱ्यांचे अनुवादक तिच्यात बसतात. पंपांच्या माहितीपुस्तिकावाले बसत नाहीत. 'कथा कर, कथा कर' म्हणून तू रानडे इन्स्टिट्यूटच्या पायरीवर माझं डोकं खाल्लं होतंस आणि मी म्हटलं होतं, कथांनी घरभाडं निघत नाही. निघालंही नसतं. अर्धा विमा मात्र निघाला असता. झालं समाधान?

करसल्लागार बाईंकडेही जाऊन आले. त्या म्हणाल्या, 'वास्तववादी आकडा लिहा, नंतर बदलता येतो.' बदलता येतो हे खरंच आहे, कमाई कमी झाली तर अर्ज करून हप्ते उतरवून घेता येतात. पण वास्तववादी म्हणजे किती, यावर बाई गप्प. मी पेन्सिलीने १४,००० लिहिलं, खोडलं, १८,००० लिहिलं, आणि कुणीतरी रागावेल म्हणून तेही खोडलं. रागावणार कोण, तर तू.

तुझ्याकडचं सांग. अथर्वची बारावी या वर्षीच ना? सासूबाईंचा गुडघा? बिल्डरने चावी दिली की अजून भाड्याच्याच घरात आहात? आणि माझा जाडा जर्मन शब्दकोश तुझ्याकडे आहे, नाही म्हणू नकोस.

येत्या रविवारी तुझ्या दुपारी साडेतीनला फोन करते, माझे अकरा वाजलेले असतील. शब्दाला किती सेंट लावायचे आणि वर्षाचा नफा किती, हे दोन आकडे तयार ठेव. भोसरीत बोलली होतीस त्याच आवाजात सांग, मी तेच टाइप करून पाठवून देईन. सुधीरला विचारू नकोस, तो कमीच सांगेल.

तुझी,
मेधा