बायोप्सीआधीचे स्टिरॉइड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूत गाठ म्हटली की ती ऑपरेशन करून काढायची, असाच आपला समज असतो. मेंदूचा प्राथमिक लिम्फोमा, म्हणजे मेंदूतच सुरू होणारा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग, ही दुर्मीळ गाठ त्याला अपवाद आहे. तिच्या निदानात सहज होणारी एक गफलत टाळता येण्यासारखी असल्याने हे पत्र लिहीत आहे.

ही गाठ बहुधा साठीच्या आसपास आढळते. विसराळूपणा, वागण्यातला फरक, चालताना जाणारा तोल या खुणा वयाच्या खात्यावर जमा होतात आणि स्कॅनमध्ये गाठीभोवती सूज दिसली की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू होते. इतर बऱ्याच गाठींत त्याने केवळ सूज उतरते. लिम्फोमात मात्र गाठीतील पेशीच मरतात, गाठ तात्पुरती आक्रसते आणि नंतर बायोप्सीसाठी घेतलेल्या तुकड्यातून निदान हाती लागेलच असे नाही. आमच्या नात्यातील एका गृहस्थांना इंजेक्शनानंतर नातवंडांची नावे आठवू लागली, घरात पेढे वाटले गेले. बायोप्सीचा अहवाल मात्र अनिर्णित आला आणि गाठ पुन्हा वाढेपर्यंत थांबावे लागले. सोबतच्या चिठ्ठीत ‘इंजेक्शन दिले’ एवढेच होते. कोणते, किती, कधीपासून, याचा पत्ता नव्हता.

निदान पक्के झाले की मुख्य भिस्त मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट या केमोथेरपीच्या औषधावर असते. मूत्रपिंडाला इजा होऊ नये म्हणून भरपूर सलाईन, लघवी अल्कधर्मी ठेवणे, रक्तातील औषधाची पातळी मोजत राहणे आणि ठरल्या वेळी त्याचे दुष्परिणाम रोखणारे ल्युकोव्होरिन देणे, हे सारे काटेकोर व्हावे लागते. डोळ्यांची तपासणी आणि एचआयव्ही चाचणीही आवश्यक असते, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. संपूर्ण मेंदूला किरणोपचार दिल्यास उतारवयात स्मरणशक्तीवर गंभीर परिणाम होऊ शकतो, म्हणून तो निर्णय घाईने घेऊ नये.

मेंदूवरील दाब वाढून जीव धोक्यात असेल तर स्टिरॉइड द्यावेच लागते आणि सुरू असलेले स्टिरॉइड रुग्णाने परस्पर बंद करणे घातक ठरते. रुग्ण स्थिर असेल आणि स्कॅनवरून लिम्फोमाची शंका असेल, तर मात्र आधी न्यूरोसर्जनशी बोलून बायोप्सी लवकर करावी. कोल्हापुरातून मिरज, पुणे किंवा मुंबईला रुग्ण पाठवताना स्टिरॉइडचे नाव, मात्रा आणि पहिल्या डोसची तारीख चिठ्ठीवर लिहिण्याची पद्धत शहरातील डॉक्टरांच्या संघटनेने व सीपीआर या सरकारी रुग्णालयाने घालून द्यावी; त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर