रँगो ओंकारला चालेल, मनूला नको

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर पोरांच्या दंग्यात धड बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय. ओंकारनं 'रँगो' बघायचा लकडा लावलाय आणि बाबा, तुम्ही म्हणताय, "कार्टूनच तर आहे, देतो लावून." जरा थांबा. मी तो बघितलाय. माझं म्हणणं असं, की ओंकारला दाखवा, मनूला नको.

कार्टून असलं तरी आहे तो काउबॉयचाच सिनेमा. तुम्ही साताऱ्याला मॅटिनीला बघायचात ना, दारूचा गुत्ता, कमरेला पिस्तूल, भर दुपारी रस्त्यात समोरासमोर उभं राहून गोळी घालायची, अगदी तसला. फक्त माणसांच्या जागी सरडे, उंदीर आणि कासवं. गोर व्हर्बिन्स्कीचा, २०११ सालचा. त्याला ऑस्करही मिळालं. एक पाळीव रंगबदल्या सरडा मोटारीतून मोहावीच्या वाळवंटात पडतो, डर्ट नावाच्या तहानलेल्या गावात येतो आणि गुत्त्यात थाप ठोकतो, की एका गोळीत सात भाऊ लोळवले. गाव त्याला शेरीफ, म्हणजे गावचा फौजदार, करून टाकतं. मग पुढे सगळी निस्तरानिस्तर! तमाशातला सोंगाड्या आवडणाऱ्या ओंकारला हे हसवणार यात शंका नाही.

अमेरिकेत त्याला 'पीजी' शिक्का आहे, म्हणजे आईबापांनी बघून ठरवावं. आपल्याकडे आता यूए ७+, १३+, १६+ असे वयाचे आकडे आले, तरी ठरवायचं काम काही सुटत नाही. तिकडे शिक्क्याखाली कारणंही दिलीत: आचरट विनोद, भाषा, मारामारी आणि धूम्रपान. धूम्रपानावरून तर तिकडे बरीच ओरड झाली, कारण या सिनेमातली जनावरं सारखी फुंकत असतात. (बाबा, तुमच्या तंबाखूच्या डबीबद्दल मी इथं काही लिहीत नाही.) अचकट-विचकट विनोद बरेचसे मोठ्यांसाठी आहेत, पोरांच्या डोक्यावरून जातात. ओंकारनं अर्थ विचारला तर आई, तू नेहमीसारखी "मोठा झालास की कळेल" म्हण. चालतं ते.

गोळीबाराचीही मला फार काळजी नाही. मला खटकतो तो साप. रॅटलस्नेक जेक नावाचा, शेपटीला खुळखुळ्याच्या जागी मशीनगन असलेला अजस्र विषारी साप. तो तोंड जवळ आणून हळू आवाजात बोलतो तेव्हा मीसुद्धा पाय वर घेतले होते. मनू अजून पाचच वर्षांची आहे, मागच्या दाराला दोरी दिसली तरी "साप!" म्हणून ओरडते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय सुरुवातीलाच गाडीखाली अर्धा चिरडलेला आर्माडिलो (पाठीवर कवच असलेला प्राणी) बोलत राहतो, बँकेचा म्हातारा मॅनेजर वाळवंटात मरून पडलेला सापडतो, आणि चार घुबडं वाद्यं वाजवत नायक मरणार मरणार म्हणून गात असतात. मोठ्यांना ती गंमत वाटते. मनू मात्र प्रत्येक वेळी विचारणार, "आता मरणार?" आणि रात्री तुमच्यापैकी एकाला जागवणार.

मग ओंकारला तरी का दाखवायचा? बाबा, तुमच्यासाठी. या गावात पाणी बँकेत ठेवतात! मडकाभर उरलेलं पाणी तिजोरीत, आणि ठरल्या दिवशी सगळं गाव नळापाशी नाचत जातं, तर नळातून येतो चिखल. नगराध्यक्ष कासव आहे, गोड बोलणारा. त्यानं पाणी मागच्या मागे अडवून आसपासची जमीन मातीमोल भावानं घेतलेली असते, तिथं गोल्फची हिरवळ उठवायला. तुम्ही उभी हयात पाटबंधारे खात्यात काढलीत, कुणाच्या शेताकडे पाणी जातं आणि कुणाच्या नाही हे तुम्हाला कुणी सांगायला नको. आणि ही गोष्ट हवेतली नाही. लॉस एंजेलिसनं ओवेन्स खोऱ्याचं पाणी १९१३ मध्ये कालव्यानं आपल्याकडे नेलं, खालचा ओवेन्स तलाव पुढे कोरडा पडला. ओंकारला माणच्या टँकरची रांग माहीत आहे, तर त्याला नळाचा तो प्रसंग झाल्यावर थांबवून बहात्तरच्या दुष्काळातलं सांगा. खडी फोडायच्या कामावर आजी जायची ते, सुकडी वाटायचे ते. मला तुम्ही सांगितलं होतं, त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पावणेदोन तासांचा आहे, दुपारी जेवणं झाल्यावर लावा. मनूला त्या वेळी आईनं वाड्यातल्या काकूंकडे पापड लाटायला न्यावं, तिला लाट्या खायला मिळाल्या की ती सिनेमाचं नाव काढणार नाही. आणि बाबा, पेनड्राइव्हमध्ये 'मनू' नावाचा फोल्डर वेगळा केलाय, ओंकारच्या फोल्डरला तिला हात लावू देऊ नका. पोरांचे आंबे बेतानं. आईच्या गुडघ्याचं तेल राघूच्या हाती पाठवते आहे.

तुमची,
सुमी