आईच्या भिंतीवरचं घड्याळ

क्वात्र बोर्न, मॉरिशस
8 मार्च 2009

दिन्या,

दिवाळीपासून काही लिहिलं नाही, तुझ्या दोन मेल तशाच पडल्यात, रागावला असशील तर बरोबरच आहे. तब्येती ठीक, पोरीचा खोकला गेला.

काल मी आईवर ओरडलो. त्या घड्याळावरून. तुलाच लिहितोय कारण अण्णांनी ते लावलं तेव्हा स्टुलावर तू होतास, आणि खिळा वाकडा तूच ठोकलास (भिंत पोकळ होती हे मी अजूनही मानत नाही).

इथल्या सरकारनं 26 ऑक्टोबरला अख्ख्या देशाची घड्याळं तासभर पुढं केली. वीज वाचवायला. संध्याकाळी सगळे घरी येतात, दिवे-टीव्ही एकदम लागतात, त्या दोन-तीन तासांसाठी जादाचे जनरेटर चालवायचे, आणि तेल-कोळसा सगळा बोटीनं येतो, घरचं म्हणजे उसाचं बगॅस, रस काढून उरलेला चोथा, तेवढं. हेतू चांगलाच आहे रे. 1982 मध्येही एकदा करून सोडून दिलं होतं. पण युरोपात उन्हाळ्याचा दिवस संपता संपत नाही, तिथं तास सरकवून काहीतरी हाती लागत असेल. हे बेट विषुववृत्तापासून साधारण मुंबईएवढंच लांब, सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात फरक जेमतेम अडीच तासांचा. संध्याकाळी वाचलेला दिवा आम्ही सकाळी लावतो, सहाला पोरीला उठवतो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख.

तर आई. भारतातल्या आणि इथल्या वेळेतलं दीड तासाचं अंतर आता अर्ध्या तासावर आलंय, पण अण्णांनी इथल्या वेळेला लावलेल्या त्या काट्यांना ती कुणाला हात लावू देत नाही. त्यात साडेसात झाले की फोनजवळ बसते. तेव्हा माझे साडेआठ, पोरीला झोपवायची वेळ. मी माझ्या साडेसातला करतो तर ती विठ्ठलाच्या देवळात. साडेचार महिने हेच चाललंय. काल म्हणाली, घड्याळ बरोबर आहे, तूच उशीर करतोस. आणि मी बोलून गेलो, ते घड्याळ चुकीचं आहे, अण्णा गेले आता, फिरव ते काटे. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं ते "बरं" तुला माहितीये.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? दुकानाचा गाळा मिळाला का? कळव.

29 मार्चला इथले काटे परत मागे येतायत, तिचं घड्याळ आपोआप बरोबर होणार आहे. तेवढं एकदा घरी जाऊन बघ. तिनं खरंच फिरवले असतील तर होते तसे करून ठेव, आपल्यापेक्षा दीड तास मागे. आणि सेल नवीन टाक.

तुझा,
सुऱ्या