‘विश्वास कमी पडला’ असं आजाऱ्याला सांगू नका

मा. संपादक,
नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की आजच्या काळात चमत्काराची वाट बघणारे ख्रिस्ती लोक एक तर भोळे नाहीतर फसलेले. मी भायखळ्याला राहते, आमचं घराणं मूळचं नगरचं, तीन पिढ्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमधे, गेल्या, आणि मी चमत्कार मानते, बायबलमधले पण आणि आजचे पण. तरी त्या पत्राचा मला राग आला नाही कारण फसवणूक मी घरातच बघितलीय. मला बोलायचंय ते आमच्याच माणसांशी, पण पेपर सगळेच वाचतात म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मोठ्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सोमवार बुधवार शुक्रवार. डाव्या हातात फिस्टुला केलेला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, त्यावर बोट ठेवलं की आतून सारखी थरथर लागायची, व्हायब्रेटवर ठेवलेल्या फोनसारखी, ती रोज सकाळी उठल्या उठल्या आधी ती थरथर चाचपायची आणि मग प्रार्थना. कोणीतरी सांगितलं म्हणून आम्ही तिला टॅक्सीने एका आरोग्यसभेला नेलं, जिथे प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणतात. स्टेजवरच्या माणसाने डोक्यावर हात ठेवला, तू बरी झालीस म्हणाला, साक्ष द्यायला लावली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने दुसऱ्या दिवशी सोमवारचं डायलिसिस सोडलं. मंगळवारी रात्री तिला आडवं होता येईना, दम लागून उशांना टेकून बसलेली, हॉस्पिटलात नेलं तर पोटॅशियम वाढलेलं. वाचली. पण नंतर भेटायला आलेली प्रार्थना ग्रुपमधली बाई खाटेजवळ बसून काय म्हणाली तर, विश्वास कमी पडला गं तुझा. ती गेल्यावर ताईने मला विचारलं, खरंच कमी पडला का गं? मी तिच्या पायावरची चादर नीट करत बसले, काही बोललेच नाही.

हे वाक्य बायबलात कुठे बसतं ते मला कोणीतरी दाखवा. मार्कच्या शुभवर्तमानात चार जण पक्षघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीतून वाट मिळेना तेव्हा छप्पर उस्तरून खाली सोडतात, तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला, म्हणजे नुसता खाटेवरच्याचा नाही, उचलणाऱ्यांचा. त्याच शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप म्हणतो की माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवून टाका, एकाच दमात, आणि त्याचा मुलगा बरा होतो. आणि येशूचा प्रेषित पौल, ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले, त्याच पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली तरी तो काटा निघाला नाही, आणि त्याने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. त्रफिमाचा विश्वास कमी होता असं पौल कुठे म्हणतो?

लांब कशाला, आपल्या पंडिता रमाबाई घ्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधे १९०५ साली जे आत्मिक जागरण झालं त्याचं नाव जगभर घेतात. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधी गेली, पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. त्यांना कोणी जाऊन सांगितलं असतं का हो, बाई तुमचा विश्वास कमी पडला?

चमत्कार होतात असं मी म्हणते ते उगाच नाही. २०२१ च्या एप्रिलमधे आमच्या मंडळीतले एक काका २३ दिवस व्हेंटिलेटरवर होते, डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलेलं, आम्ही रोज रात्री ९ ला फोनवर कॉन्फरन्स लावून प्रार्थना करायचो आणि ते घरी आले. मी त्याला चमत्कारच म्हणते, त्या नर्सेसचे हात त्यात धरूनच म्हणते, कारण शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. पण त्याच वॉर्डातून काही जण परत आले नाहीत आणि त्यांच्याही घरी आमच्यासारखीच प्रार्थना चालू होती. ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि स्टेजवरच्या माणसाकडे तर अजिबातच नाही. फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थाला १८५८ पासून लोक जातायत, बरं झाल्याचे हजारो दावे झाले, तिथे डॉक्टर कागद तपासतात आणि रोमन चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेत ते सत्तरच्या आसपास. आमच्याकडे मात्र एका संध्याकाळी वीस जण माईकवर बरे होतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला हवाच आहे, त्याने माझ्या विश्वासाला काही धक्का लागत नाही.

आमच्या शेजारच्या काकू मालवणच्या, हिंदू. सप्टेंबरात माउंट मेरी चर्चच्या जत्रेला त्या बसने वांद्र्याला गेल्या, स्टॉलवर नवसाला वाहायचे मेणाचे हात होते, पाय होते, घरं होती, किडनी काही मिळाली नाही, मग त्यांनी बाईची अख्खी मेणाची बाहुली घेतली आणि ताईच्या नावाने वाहून आल्या. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात असलं काही करत नाहीत, पण मला तेव्हा ते छप्पर उस्तरणारेच आठवले.

ताई त्यानंतर दीड वर्ष जगली. ‘प्रभू, बरं कर’ हे रोज म्हणायची आणि एकही डायलिसिस चुकवला नाही.

माझी पाळकांना आणि प्रार्थनेला जाणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे की चमत्कार मागा, मोठ्याने मागा, मी पण मागते. औषध बंद करायला सांगू नका. आणि नाही झालं तर पुढच्या आठवड्यात त्या आजाऱ्याकडे परत जा. त्या सभेतलं एकही माणूस ताईकडे परत आलं नाही. काकू यायच्या, दर शनिवारी, बिनमिठाचे घावणे डब्यात घेऊन.

आपली,
एक वाचक, भायखळा, मुंबई