फोमची कतरण आणि तुझा प्रोजेक्ट

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले संशोधनाचे पेपर वाचले. सगळे उमगले असं म्हणणार नाही, पण तू पिवळ्या शाईनं रंगवलेल्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. चपलेच्या फोमची कतरण पुन्हा वापरता येईल असा फोम बनवायचा, हा विषय प्रोजेक्टला घेऊ का, असं तू विचारलंस. खुशाल घे. त्याआधी प्रेसवर, म्हणजे साचे तापवून दाबणाऱ्या यंत्रावर, आयुष्य घालवलेल्या माणसाच्या चार शंका तेवढ्या ऐकून घे.

लहानपणी तू कारखान्यात यायचीस ती शिट साच्यातून उडताना बघायला. त्यामागचं रसायन तेव्हा सांगायचं राहून गेलं. ईव्हीए, म्हणजे तळव्याच्या फोमचं प्लास्टिक, भर घालायची फिलर पावडर, झिंक ऑक्साइड आणि रंग नीडर नावाच्या मळणीयंत्रात मळून झाले की शेवटी दोन पावडरी पडतात. एक डायक्युमिल पेरॉक्साइड, दुसरी ती पिवळी, अझोडायकार्बोनामाइड. मिलच्या रुळांवरून पत्रा काढायचा, साच्यात रचायचा आणि साधारण १६०-१७० अंशांवर दाबून ठेवायचा. आत पेरॉक्साइड प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींशी बांधतं आणि पिवळी पावडर फुटून नायट्रोजन सोडते. दाब आहे तोवर वायू मुकाट्यानं आत बसतो. प्रेस उघडला की फट् करून शिट बाहेर झेपावते आणि बघता बघता साच्याहून कितीतरी मोठी होते. अमोनियाचा वास नाकात जातो तो त्याच क्षणी.

प्रेस लवकर उघडला तर बांधणी कच्ची राहते, बुडबुडे फुटतात, शिट बसकी होते. फार उशिरा उघडला तर माल इतका आवळला जातो की पुरता फुगतच नाही. आमच्या धंद्यातलं सगळं कसब या दोन पावडरींचा ताळमेळ राखण्यात आहे.

मग डायनं, म्हणजे तळव्याच्या आकाराच्या पात्यानं, तळवे कापायचे. एका तळव्याची टाच आणि शेजारच्याचा चवडा यांच्या मधल्या जागेत जे उरतं ती कतरण. ती वितळत नाही, कारण पेरॉक्साइडनं घातलेली गाठ कार्बन-कार्बनची, कायमची. जास्त तापवली तर करपते. म्हणून दळून भुगा करायचा आणि पुढच्या बॅचमध्ये थोडाथोडा मिसळायचा. हात सैल सोडून भुगा जास्त घातला की चप्पल चवड्याच्या वाकणीवर तडकते. उरलेली पोती भंगारवाला नेतो, तीही उपकार केल्यासारखी.

आता तुझ्या पेपरांकडे येतो. तापवल्यावर सुटणारी आणि गार झाल्यावर पुन्हा बसणारी गाठ घालायची, ही कल्पना मला पटली. फ्रेड वुड्ल यांच्या गटानं २००२ मध्ये असं प्लास्टिक करून दाखवलं. पॅरिसच्या लुडविक लाइब्लर यांनी २०११ मध्ये दुसरी तऱ्हा काढली, तिच्यात गाठी जोडीदार बदलतात पण एकूण संख्या कमी होत नाही. भरीव वस्तूसाठी दोन्ही ठीक. फोमसाठी मात्र हा फरक जिवावरचा आहे. पहिल्या तऱ्हेत ठरावीक तापमान ओलांडलं की गाठी सुटतात आणि माल एकदम पातळ होतो. नेमकी त्याच तापमानाला पिवळी पावडर फुटत असेल तर बुडबुडा धरून कोण ठेवणार? पुरीचा पापुद्रा फाटला की वाफ निघून जाते, तसंच होणार. तेव्हा तुझ्या वहीच्या पहिल्याच पानावर दोन तापमानं शेजारी-शेजारी लिही: गाठ सुटण्याचं आणि वायू सुटण्याचं.

२०२० चा तो पॉलियुरेथेनचा पेपर मला सगळ्यांत आवडला. तो लिहिणारे विल्यम डिक्टेल अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे, ख्रिस्तोफर एलिसन मिनेसोटा विद्यापीठाचे. त्यांनी तयार फोम घेतला, त्यात कथिलाचा उत्प्रेरक, म्हणजे गाठींची अदलाबदल घडवणारं रसायन, बाहेरून मुरवला आणि ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे दोन स्क्रूंनी मळत पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून, काढला. नुसत्या गरम दाबानं फोममधली हवा नीट निघत नाही, स्क्रूनं मळल्यावर निघते. प्रेसवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण त्यातून निघालं ते भरीव प्लास्टिक. फोमचा पुन्हा फोम करणं हे त्यापुढचं काम. शिवाय कथिलाचं ते संयुग विषारी, ते चपलेत घालायचं म्हटलं तर मी तरी नको म्हणेन.

आणि एक गोष्ट तुझ्या टिपणात मला दिसली नाही. पॉलियुरेथेनमधली युरेथेनची गाठ मुळातच जोडीदार बदलू शकते, कमी असतो तो फक्त उत्प्रेरक. म्हणून जुन्या गादीलाही तो उपाय लागू पडतो. आमच्या ईव्हीएत तशी गाठच नाही. आज गोदामात पडलेल्या कतरणीत नुसता असा उत्प्रेरक बाहेरून मुरवला तरी तिची कार्बन-कार्बनची गाठ सुटायची नाही. तुझं काम लागू पडेल ते यापुढे बनणाऱ्या शिटांना. हे प्रस्तावात स्पष्ट लिही, नाहीतर परीक्षक पहिल्यांदा तिथंच बोट ठेवतील.

यापुढच्या शिटांसाठी मला जॉन टॉर्केल्सन यांच्या गटाचा रस्ता जवळचा वाटतो. तेही नॉर्थवेस्टर्नचेच. त्यांनी २०२२ मध्ये पॉलिथिलीनमध्ये गंधक-गंधकाची सुटणारी गाठ पेरॉक्साइडच्याच पद्धतीनं घातली, वेगळा उत्प्रेरक न लावता. म्हणजे आमचा नीडर, आमचा प्रेस, जवळपास आमचीच रेसिपी. कारखानदार नवं रसायन विकत घेईल, नवी मशीन घेणार नाही.

सुटणाऱ्या गाठीची चप्पल मे महिन्यात विदर्भातल्या डांबरावर चालली पाहिजे, हेही विसरू नकोस. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाची टाच तळव्यात रुतून बसली आणि वर आलीच नाही, तर रिसायकलिंगच्या नावानं कोणी दोन रुपये जास्त देणार नाही. म्हणून कॉम्प्रेशन सेटची, म्हणजे दाबलेला फोम किती दबलेलाच राहतो त्याची, चाचणी शेवटावर ढकलू नकोस.

आणि सुरुवात वापरलेल्या चपलांनी करू नकोस. त्यात चिकटवायचं सोल्युशन, पट्टा, रबर, माती सगळं आलं. तुझी शिट बनली की इथं पाठव, आपल्या डायवर कापून देतो, म्हणजे हाताशी खरी कतरण राहील. तुलनेला आमची जुनी कतरण लागेलच, तर शेठशी बोलून ठेवलंय. पांढरी हवी की निळी ते रविवारी फोनवर सांग. काळी मात्र मागू नकोस, काळ्यात सगळ्या रंगांचा जुना भुगा खपवलेला असतो, तुझे आकडे कधी जुळायचे नाहीत.

आईनं लाडू पाठवलेत, डबा परत आण.

तुझे
बाबा