मुक्तिसंग्राम दिन अंक : मार्गदर्शक शिक्षकांसाठी सूचना

सर्व मार्गदर्शक शिक्षक सदस्यांना कळविण्यात येते की, १७ सप्टेंबर रोजी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी निघणाऱ्या शालेय वृत्तपत्राचा मजकूर विद्यार्थ्यांनी ५ सप्टेंबरपर्यंत संपादक मंडळाकडे द्यावयाचा आहे. नववी-दहावीच्या मुलांना १९४८ चा इतिहास पाठ्यपुस्तकातून उतरवू न देता, रझाकारांचा काळ पाहिलेल्या किंवा घरात ऐकलेल्या वृद्धांकडे वही घेऊन पाठवावे, आणि त्यांनी स्वतः पाहिलेले कोणते व ऐकीव कोणते, हे बातमीत वेगळे लिहावयास शिकवावे.

एक विनंती आग्रहाची आहे. मुलांची बातमी आपण पुन्हा लिहू नये. मागील अंकात टँकरच्या बातमीत नववीतील मुलीने ‘आमच्या वाट्याला सात घागरी आल्या’ असे मोजून लिहिले होते. मी ते खोडून ‘तीव्र पाणीटंचाई’ केले आणि बातमीतला जीवच गेला, याची खंत आजही वाटते. चूक दिसल्यास समासात प्रश्न लिहावा. दुरुस्ती मुलांनीच करावी.

चार पानी अंकासाठी ए-थ्री कागद मधोमध दुमडून डमी, म्हणजे अंकाचा कच्चा नमुना, करून घ्यावी, कारण पहिले व चौथे पान कागदाच्या एकाच बाजूला येते, हे हाताने दुमडल्यावरच नीट कळते. मुलाखत देणाऱ्यांची नावे छपाईपूर्वी त्यांनाच वाचून दाखवावीत.